भावाच्या पेशींचा पहारा

गेल्या उन्हाळ्यात साखऱ्यात एका ओळखीच्या घरी बसलो होतो. घरातल्या मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ सुचवलं होतं आणि तपासणीत धाकट्या भावाची मज्जा ‘मॅच’ झाली होती. खरं तर ही दिलाशाची बातमी. पण त्यावरून घरात दोन तट पडले होते. आजी म्हणत होत्या, “येक लेकरू तं आजारी हायच, दुसऱ्याच्या हाडाला कामून हात लावायचा?” चुलते त्यांची समजूत घालत होते, “बाटलीभर रक्तच तं द्यायचंय, त्यात काय एवढं?” मुलीचे वडील दोघांकडे आळीपाळीनं बघत गप्प बसून होते.

आजींची भीती अनाठायी होती, पण चुलत्यांचं म्हणणंही पुरतं बरोबर नव्हतं. भाऊ बहिणीला फक्त रक्त देत नाही. तो तिला स्वतःच्या शरीराची सगळी पहारेदारी देतो. आजार पुन्हा उठू नये यासाठी पुढची कित्येक वर्षं त्याच्याच पेशी तिच्या अंगात राखण करत राहतात. ही गोष्ट कळायला वैद्यकशास्त्राला तीस-पस्तीस वर्षं लागली. तो इतिहास मराठीत क्वचितच सांगितला जातो, म्हणून हा लेख.

नळीतला गर

मटणाच्या नळीतला गर ज्यांनी चाखलाय त्यांना मज्जा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. हाडांच्या पोकळीतला हा मऊ गर म्हणजे रक्ताचा कारखाना. तिथल्या मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स तयार होतात. ल्युकेमियात या कारखान्यातली पांढऱ्या पेशींची एखादी जात बिघडते आणि बेसुमार वाढत सुटते. निरोगी पेशींना जागाच उरत नाही. अंगात रक्त टिकत नाही, साध्या तापाला शरीर तोंड देऊ शकत नाही, हिरड्यांतून रक्त येतं.

प्रत्येक ल्युकेमियाला ट्रान्सप्लांट लागत नाही. लहान मुलांचा ‘एएलएल’ हा प्रकार बहुतेकदा औषधांनीच बरा होतो. ‘सीएमएल’ या प्रकाराला २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आली आणि ट्रान्सप्लांटची गरज फार थोड्यांना उरली. पण काही प्रकारांत औषधं पुरत नाहीत. आजार दबतो आणि परत येतो.

तिथं जुना विचार साधा होता. मोठ्या मात्रेची औषधं किंवा किरणं देऊन रुग्णाची मज्जा आजारासकट जाळून टाकायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्याची निरोगी मज्जा पेरायची. आपल्या शेताच्या भाषेत सांगायचं तर तण माजलेलं रान पेटवून द्यायचं आणि नवं बियाणं टाकायचं. या विचारात दात्याचं काम फक्त बियाण्यापुरतं. कॅन्सर मारायचं काम औषधांचं.

पण ज्यानं शेत केलंय त्याला हराळी माहीत असते. रान जाळलं तरी जमिनीखाली एखादी मुळी राहते आणि पहिल्या पावसात ती पुन्हा फुटते. ल्युकेमियाचंही असंच आहे. मग जी मुळी औषधांतून वाचली तिला खुरपतं कोण?

परळ, मार्च १९८३

आपल्याकडे या उपचाराची सुरुवात मुंबईत झाली. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली आहे. कॅन्सरचं इस्पितळ आणि अणुऊर्जा हे नातं अनेकांना विचित्र वाटतं. मज्जारोपणाचा इतिहास वाचला की ते तितकंसं विचित्र वाटत नाही.

याच इस्पितळात २० मार्च १९८३ रोजी भारतातलं पहिलं यशस्वी मज्जारोपण झालं. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी. आजार ‘एएमएल’, म्हणजे झपाट्यानं वाढणारा ल्युकेमिया. औषधांनी तो एकदा आटोक्यात आला होता आणि परतण्याआधीच घाव घालायचा होता. दाता होता तिचा सख्खा भाऊ. या पथकाचे प्रमुख होते डॉ. सुरेश अडवाणी. बालपणी पोलिओ झाल्यामुळे ते व्हीलचेअरवरून काम करत. अमेरिकेत सिएटलला जाऊन मज्जारोपणाचं तंत्र ते शिकून आले होते. पुढं त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण मिळालं. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. मॅम्मेन चंडी यांनीही हे काम सुरू केलं.

भावानं बहिणीला मज्जा दिली या घटनेत आणखी एक गोष्ट दडली आहे. भावाची मज्जा रुजली की बहिणीच्या रक्तपेशींत पुरुषाचं वाय गुणसूत्र सापडू लागतं. रोपण रुजलं की नाही हे ओळखण्याची ती एक जुनी खूण होती. रक्तगट वेगळा असेल तर तोही हळूहळू दात्याचा होतो. बहिणीच्या देहात भावाचं रक्त आयुष्यभर तयार होत राहतं. आणि त्याबरोबर येतात भावाच्या टी पेशी. या पांढऱ्या पेशींचं काम एकच : आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखायचं, आणि परक्याला संपवायचं.

मज्जारोपणाची पुढची सगळी कहाणी या ओळखीभोवती फिरते.

अणुबॉम्बच्या सावलीत

हिरोशिमा आणि नागासाकीत स्फोटातून वाचलेली माणसं पुढच्या काही आठवड्यांत ताप आणि रक्तस्रावानं मेली. किरणांनी त्यांची मज्जा जळाली होती. पुढचं युद्ध अणुयुद्ध असेल या धास्तीनं अमेरिका आणि ब्रिटनमध्ये उंदरांवर प्रयोग सुरू झाले. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी दाखवलं, की उंदराची प्लीहा शिशाच्या पत्र्यानं झाकली तर एरवी जीव घेणारी किरणंही तो सोसतो. दोनच वर्षांत इगॉन लॉरेन्झ यांनी दुसऱ्या उंदराची मज्जा टोचून तोच परिणाम साधला.

ब्रिटनच्या हारवेल या अणुसंशोधन केंद्राजवळ डी. बार्न्स, जॉन लौटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. त्यांनी ल्युकेमिया झालेले उंदीर घेतले, त्यांना किरणं दिली आणि दोन गटांना वेगवेगळी मज्जा टोचली. एका गटाला त्याच वाणाच्या, म्हणजे जवळजवळ जुळ्यासारख्या उंदराची. दुसऱ्या गटाला परक्या वाणाची. पहिल्या गटात ल्युकेमिया परत आला. दुसऱ्या गटात तो परतला नाही. पण ते उंदीर खंगत गेले आणि एका वेगळ्याच आजारानं मेले.

१९५६ मध्ये हा निबंध छापून आला. परकी मज्जा कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशींना स्वतःच मारत असावी, असा अंदाज त्यात मांडला होता. म्हणजे खुरपणीचे हात दात्याकडून येतात, हे कुणीतरी तेव्हाच म्हणून ठेवलं होतं. पण त्याच हातांनी उंदीरही मारला होता.

जुळ्यांचं कोडं

पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, अमेरिकेचे डॉ. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा दिल्याचं प्रसिद्ध केलं. सहाही रुग्ण शंभर दिवसांच्या आत गेले. १९५९ मध्ये त्यांनी ल्युकेमिया झालेल्या दोन मुलांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. मज्जा रुजली, कारखाना सुरू झाला. काही महिन्यांत ल्युकेमियाही परतला.

त्या वेळी याचा अर्थ असा लावला गेला, की किरणं कमी पडली. त्यात तथ्यही होतं. पण दुसरी बाजू दिसायला अजून वीस वर्षं जायची होती. जुळ्याची मज्जा इतकी आपली असते, की तिला त्या देहात परकं काहीच दिसत नाही. तिथला कॅन्सरही नाही.

फ्रान्समध्ये डॉ. जॉर्ज माथे वेगळ्या वाटेनं चालले होते. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विन्चा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला आणि सहा जण किरणांत सापडले. त्यांना पॅरिसला आणलं गेलं. त्यांपैकी पाच जणांना माथे यांनी अनोळखी फ्रेंच माणसांची मज्जा दिली. सहांपैकी एक दगावला. मज्जेचा त्यात वाटा किती, यावर नंतर वाद झाले. पण १९६३ मध्ये माथे यांनी ल्युकेमियाच्या एका रुग्णाची हकिकत मांडली. त्याला कुटुंबातल्या सहा जणांची मज्जा दिली होती. तो वीस महिने जगला आणि शेवटी संसर्गानं गेला. पण त्या वेळी त्याच्या अंगात ल्युकेमियाचा मागमूस नव्हता. दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी उसन्या घेऊन कॅन्सरशी लढायचं, या कल्पनेला माथे यांनी नावही दिलं.

तरीही साठचं दशक संपताना बहुतेक डॉक्टरांनी हा नाद सोडला होता. मज्जा रुजली नाही तर रुग्ण जायचा. रुजली तर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर तुटून पडायच्या. आधी कातडीवर लाल चट्टे, मग जुलाब, मग कावीळ. याला डॉक्टर ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज’, थोडक्यात ‘जीव्हीएचडी’ म्हणतात. पाहुण्यानं यजमानालाच परकं ठरवावं, तसा हा प्रकार. तो जुना झाला की डोळे आणि तोंड कोरडं पडतं, कातडी आखडते, कधी फुप्फुसंही निकामी होतात.

वाट मोकळी झाली ती ‘एचएलए’मुळे. आपल्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, हे फ्रान्सचे डॉ. जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये दाखवलं. या खुणांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. खुणा जुळवून दाता निवडता येऊ लागला तेव्हा थॉमस यांनी सिएटलमध्ये पुन्हा काम हाती घेतलं. १९७७ मध्ये त्यांनी शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. औषधांनी हात टेकलेले, मरणाच्या दारातले हे रुग्ण. त्यातले तेरा आजारमुक्त जगले होते. शंभरात तेरा हा आकडा आज लहान वाटतो. तेव्हा तो शून्याच्या तुलनेत मोजला गेला. १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळालं.

भीती वाटत होती तेच औषध

सिएटलच्याच नोंदींतून १९७९ मध्ये पॉल वायडन आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट पुढं आणली. त्यांनी २४२ रुग्णांची तुलना केली. ज्यांना जीव्हीएचडी झाला होता, त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचं प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे अडीच पटींनी कमी होतं. हारवेलच्या उंदरांनी जे सांगितलं होतं तेच माणसांत दिसलं. यजमानाला छळणाऱ्या पेशी कॅन्सरलाही सोडत नव्हत्या.

तरी मन मानायला तयार नव्हतं. जीव्हीएचडीनं माणसं डोळ्यांदेखत मरत होती. म्हणून ऐंशीच्या दशकात एक युक्ती निघाली : दात्याच्या मज्जेतून टी पेशी आधीच गाळून काढायच्या. बियाणं घ्यायचं, खुरपणारे हात बाहेर ठेवायचे. जीव्हीएचडी खरंच कमी झाला. डॉक्टरांना हायसं वाटलं. आणि मग ल्युकेमिया परतू लागला. सीएमएलच्या रुग्णांत तर फारच. कित्येकांत मज्जा रुजेनाशीही झाली.

१९९० मध्ये मेरी होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या केंद्रांतल्या २,२५४ रुग्णांची नोंद एकत्र मांडली, तेव्हा शंकेला फारशी जागा उरली नाही. जुळ्याची मज्जा घेतलेल्यांत आणि टी पेशी गाळलेली मज्जा घेतलेल्यांत आजार जास्त परतला होता. जीव्हीएचडी झालेल्यांत कमी. औषधं आणि किरणं रान जाळतात. पण उरलेली मुळी दात्याच्या पेशी खुरपतात. ट्रान्सप्लांटमधलं निम्मं औषध दाता स्वतः होता.

त्याच वर्षी म्युनिकच्या डॉ. हान्स-योखेम कोल्ब यांनी याचा सरळ पुरावा दिला. सीएमएलच्या तीन रुग्णांत ट्रान्सप्लांटनंतर आजार परतला होता. कोल्ब यांनी त्यांना पुन्हा मज्जा दिली नाही. इंटरफेरॉनबरोबर फक्त मूळ दात्याच्या पांढऱ्या पेशी शिरेतून चढवल्या. तिघांचाही आजार मागं हटला. आज हा उपचार ‘डोनर लिम्फोसाइट इन्फ्युजन’ म्हणून सगळीकडे ओळखला जातो. सीएमएलमध्ये तो उत्तम चालतो, झपाट्यानं वाढणाऱ्या ल्युकेमियात त्याचं यश कमी आहे. पेशी थोड्या थोड्या वाढवत द्याव्या लागतात, कारण मात्रा चुकली तर तेच जुनं दुखणं उभं राहतं.

या शोधानं ट्रान्सप्लांटचा हिशेबच बदलला. कॅन्सर मारायचं काम दात्याच्या पेशीही करतात, तर रान पुरतं जाळायची गरज काय? नव्वदच्या दशकाअखेर सौम्य मात्रेचे ट्रान्सप्लांट सुरू झाले. आधी ज्यांना उतारवयामुळे घरी पाठवलं जायचं, त्यांनाही दार उघडलं.

अर्धी जुळणी

आपल्या भागाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी घडामोड त्यानंतरची आहे. पूर्ण जुळणारं भावंड सगळ्यांना नसतं. पूर्वी घरात सहा-सात लेकरं असायची. आता दोन असतात. नात्यात सोयरीक करण्याची रीत मराठवाड्यात हिंदू-मुसलमान दोन्हीकडे आहे. मामाची, आत्याची, चुलत्याची मुलगी करणाऱ्या घरांत भावंडांपलीकडच्या नातेवाइकांतही कधी जुळणी सापडते. पण आनुवंशिक आजारांच्या रूपात अशा लग्नांची वेगळी किंमत मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही. अनोळखी दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत. चेन्नईची ‘दात्री’ २००९ पासून हे काम करते. पण आपल्या लोकसंख्येच्या मानानं नोंद केलेले दाते फार थोडे.

आई, बाप किंवा लेकरू यांच्याशी मात्र अर्धी जुळणी ठरलेलीच असते. अडचण अशी, की अर्ध्या जुळणीत दात्याच्या टी पेशी खवळून उठतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लिओ लुझनिक, एफ्रेम फुक्स आणि सहकाऱ्यांनी यावर तोड काढली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. मज्जा दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाला सायक्लोफॉस्फमाइड द्यायचं. तोवर रुग्णाच्या देहाला परकं समजणाऱ्या टी पेशी भराभर विभागायला लागलेल्या असतात आणि हे औषध नेमकं विभागणाऱ्या पेशींना मारतं. मूलपेशींमध्ये हे औषध निष्प्रभ करणारं विकर असतं, म्हणून त्या वाचतात. शांत बसलेल्या टी पेशीही बऱ्याच वाचतात आणि पुढं राखणीला उरतात.

सायक्लोफॉस्फमाइड पन्नासच्या दशकातलं, स्वस्त आणि कुठंही मिळणारं औषध. युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातलं. पेशी गाळण्याची महागडी यंत्रं लागत नाहीत म्हणून भारतातल्या केंद्रांनी ही पद्धत उचलली. एकुलत्या एका लेकराला आता बाप दाता होऊ शकतो.

मुंबईतच पुढचा टप्पाही घडला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेली ‘नेक्सकार-१९’ ही कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. यात रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवतात आणि परत देतात. बी पेशींच्या काही कॅन्सरपुरताच हा उपचार आहे. पण टी पेशी माणसाचा ल्युकेमिया संपवू शकतात, हा धडा आधी दात्यांच्या पेशींनीच शिकवला होता.

देणाऱ्याचं काय जातं?

साखऱ्याच्या त्या घरात मी यातलं जमेल तेवढं सांगितलं. हारवेल आणि म्युनिक नाही. हराळी आणि खुरपणी. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मंग पोराचं काय जातं?”

प्रश्न रास्त होता. दात्याची मज्जा दोन तऱ्हांनी घेतात. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं, किंवा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूलपेशी रक्तात उतरवून, हाताच्या शिरेतून यंत्रानं. पहिल्या तऱ्हेत कंबर काही दिवस दुखते. दुसरीत इंजेक्शनांमुळे अंग ठणकतं. हाड कापत नाहीत. दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. पुढं लग्न, कष्ट, शेती कशालाच बाधा येत नाही.

मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. बरं होण्याची हमी यात नाही. आजार परतू शकतो, आणि भावाच्या पेशींचा त्रास बहिणीला महिनोन्‌महिने होऊ शकतो. अंगावर चट्टे आले तर घाबरून गावातल्या डॉक्टरचं औषध घ्यायचं नाही आणि चांगलं लक्षण म्हणून अंगावरही काढायचं नाही. थेट ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दाखवायचं. दुसरी गोष्ट, भावाला कदाचित पुन्हा बोलावतील. वर्षानं, दोन वर्षांनी पांढऱ्या पेशी लागल्या तर त्या त्याच्याच लागतील. म्हणून त्याला आजच नीट समजावून सांगा. त्याच्या मनात भीती ठेवून त्याला नेऊ नका.

वडील पहिल्यांदा बोलले ते तेव्हा. त्यांनी विचारलं, खर्च किती, मुंबईत राहायचं कुठं, आणि किती दिवस. खर्च लाखांच्या घरात होता आणि मुक्काम महिन्यांचा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं. टाटाचे किती तरी रुग्ण तिथं उतरतात. शेत पेरायचं की ठोक्यानं द्यायचं, म्हशीला कोण बघणार, यावर मग बराच वेळ बोलणं झालं.

१९८३ मध्ये परळला नऊ वर्षांच्या मुलीसाठी तिच्या भावाची मज्जा काढली गेली, हेही मी त्या घरात मुद्दाम सांगितलं. लेकीसाठी लेकाला इस्पितळात न्यायचं म्हटलं की आपल्याकडे पाय अडखळतात. उलट असतं तर आजींनी इतके प्रश्न विचारले असते का, मला शंका आहे. चाळीस वर्षांपूर्वी एका कुटुंबाचे पाय अडखळले नाहीत.

मृगाच्या आधी ते नांदेडहून रेल्वेनं मुंबईला गेले. तिकिटं चार काढली होती. मुलगी, आई-वडील आणि भाऊ.